दुखणं कुठल्या डिपार्टमेंटचं?

फेलोशिपच्या फॉर्मचे बाकीचे रकाने पटापट भरून झाले. एमबीबीएस कुठून, एमडी अ‍ॅनेस्थेशिया कुठून, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर, दोन सीनिअर डॉक्टरांची शिफारसपत्रं, फोटो. शेवटच्या पानावर मात्र एक मोठी रिकामी चौकट होती, तुम्हाला पेन मेडिसिनमध्येच, म्हणजे दुखण्यावरच्या उपचारांच्या शाखेतच, फेलोशिप का करायचीये ते पाचशे शब्दांत लिहा म्हणून. कारणं भरपूर होती, पाचशे शब्दांत मावत नव्हती. जे बसलं ते तिथे लिहिलं, उरलेलं इथे लिहितेय, कारण भूल देणारे माझ्या वयाचे बरेच जण सध्या ह्याच विचारात आहेत आणि एकमेकांना फोन करून तेच तेच विचारतायत, कुठली फेलोशिप घेऊ, कुठे प्रोसीजर (म्हणजे सुईने करायचे उपचार) जास्त मिळतात, परत आल्यावर पुण्यात प्रॅक्टिस चालेल का.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं. पुण्यात फ्रीलान्स भूल देणं म्हणजे सकाळी साडेसातला कोथरूडला हर्निया, तिथून डेक्कनला एक सिझर, दुपारी सिंहगड रोडला नाहीतर पार हडपसरला हाडाची केस, मधे कुठेतरी गाडीतच डबा खायचा आणि रात्री झोप लागते न लागते तोच फोन, मॅडम इमर्जन्सी आहे, किती वेळात पोचाल. प्रत्येक ओटीत वेगळा सर्जन, वेगळ्या सिस्टर, वेगळं मशीन. मला हे काम मनापासून आवडतं. पेशंट टेबलावर आडवा झाल्यापासून परत डोळे उघडेपर्यंत त्याचा श्वास न् श्वास आपल्या हवाली असतो आणि ह्या जबाबदारीची सवय झाली तरी तिचं वजन कमी होत नाही. पण पेशंट रिकव्हरीत नीट बोलायला लागला की आपण बॅग उचलून पुढच्या नर्सिंग होमला. घरी गेल्यावर त्याचं काय झालं, टाके काढल्यावर किती दिवस दुखलं, की अजून दुखतंच आहे, हे आपल्यापर्यंत येतच नाही.

येतं ते भलत्याच ठिकाणी. लग्नात, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, किराणा दुकानाच्या रांगेत. मी भूल देते हे कळलं की दहातल्या चार बायका तरी जवळ येऊन तेच सांगतात, "अहो, मला सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं होतं, तेव्हापासून कंबर गेली ती गेलीच." ह्याचं उत्तर आम्हाला पाठ असतं. स्पायनलची सुई जेमतेम अर्धा मिलीमीटर जाडीची असते, टोचल्या जागी थोडे दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा त्या सुईशी संबंध अभ्यासांमध्ये सापडलेला नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाचे ढिले पडलेले स्नायू, बाळाला पाजताना तासन् तास वाकून बसणं, उचलणं, अपुरी झोप, ह्या सगळ्यामुळे ती कंबर दुखत असते. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे आणि त्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिच्या गायनॅकनी सांगितलेलं असतं डिलिव्हरी व्यवस्थित झाली, ऑर्थोपेडिकनी सांगितलेलं असतं एक्स-रे नॉर्मल आहे, आम्ही सांगतो इंजेक्शनमुळे नाही, घरचे सांगतात सगळ्यांच्याच दुखतात कंबरा. चौघंही खरं बोलतायत आणि तिची कंबर दुखतेच आहे. मग ते दुखणं नक्की कुठल्या डिपार्टमेंटचं?

हा प्रश्न माझ्या घरातच येऊन बसला तो आत्याच्या नागिणीमुळे. आत्या नारायण पेठेत राहते, सत्तरी ओलांडलीये, स्वभावाने एकदम खणखणीत. डाव्या बाजूला छातीखालून पाठीपर्यंत पट्टा उठला तेव्हा शेजारच्या काकूंनी गेरू लावायला सांगितला आणि वर नागिणीचं तोंड-शेपूट जुळू देऊ नका म्हणून घाबरवून ठेवलं. आत्याने मला फोन केला. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत व्हायरसवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर फायदा जास्त होतो, त्या वेळेत सुरू झाल्या, फोड सुकले, खपल्या पडल्या. स्किनच्या डॉक्टरांनी बघितलं, छान भरलंय म्हणाले, आणि खरंच छान भरलं होतं.

दुखणं मात्र गेलंच नाही. ब्लाउजचं कापड लागलं तरी कुणी सुपारीच्या अडकित्त्यात धरल्यासारखं व्हायचं तिला. पंख्याचा वारासुद्धा सहन व्हायचा नाही. काकांचा एक जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला सदरा होता, तो उलटा करून, शिवण बाहेर ठेवून ती दिवसभर घालून बसायची आणि रात्री खुर्चीतच डुलकी काढायची, कारण पलंगावर कुठल्याही कुशीवर झालं तरी चादर घासायची. साडी नेसता येत नाही म्हणून गुरुवारचं भजनी मंडळ बंद, मंडळ बंद म्हणून माणसं बंद. भेटायला येणारे पहिले काही दिवस विचारायचे, नंतर फोड दिसेनासे झाले तसं विचारणंही थांबलं. आत्या मला एकदा म्हणाली, "तेव्हा दिसत होतं तर सगळे हळहळत होते गं. आता दिसत नाही तर मलाच वाटायला लागलंय की मी उगीच करतेय की काय."

ती उगीच करत नव्हती. नागीण म्हणजे लहानपणी झालेल्या कांजिण्यांचाच व्हायरस, नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपलेला, तो जागा होतो आणि जाताना नसेचं नुकसान करून जातो. मग ती नस स्वतःहूनच सिग्नल पाठवत राहते, आणि एरवी ज्या स्पर्शाने काही व्हायला नको तो स्पर्शही मेंदूला दुखणं म्हणून पोचतो. तीन महिन्यांच्या पुढे हे चालू राहिलं की त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात आणि वय जितकं जास्त तितकी त्याची शक्यता जास्त. (जाता जाता, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळतेय, दोन डोस असतात, महाग आहे, पण घरात कुणी ज्येष्ठ असतील तर डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. आत्याकडे बघितल्यापासून मी हे भेटेल त्याला सांगते.)

तिला मी शहरातल्याच एका पेन फिजिशियनकडे नेलं. त्या सरांनी चाळीस मिनिटं घेतली. कुठे दुखतं, कसं दुखतं, आग होते की करंट बसतो की खाज येते, झोप किती, हे सगळं झालं, मऊ कापसाचा बोळा आणि टाचणीचं बोथट टोक लावून कुठून कुठपर्यंत बदल होतो तेही बघितलं, आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "आजी, दुखणं थोडं कमी झालं तर सगळ्यात आधी काय कराल?" आत्या क्षणाचाही विचार न करता म्हणाली, नऊवारी नेसून मंडळात जाईन. सरांनी केस पेपरवर तेच लिहिलं. दिवाळीपर्यंत नऊवारी. अमिट्रिप्टिलिनचा अगदी छोटा डोस रात्री, गॅबापेन्टिन हळूहळू वाढवत, लिडोकेनचा पॅच, आणि दर थोड्या दिवसांनी फोनवर चौकशी, चक्कर येते का, तोंड कोरडं पडतं का, पडायची भीती वाटते का, कारण ह्या वयात ही औषधं बेताबेतानेच वाढवावी लागतात. दुखणं पूर्ण जाणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं आणि मला आश्चर्य वाटलं ते ह्याचं, की ते ऐकून आत्या खचली नाही, उलट बाहेर पडताना म्हणाली, चला, कुणीतरी ऐकून तरी घेतलं. दिवाळीला नऊवारी जमली नाही, पाचवारी जमली. मंडळातही गेली.

मी शेजारच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. त्याच औषधांची फार्मॅकॉलॉजी मला पाठ होती, त्याच नसा मी रोज ब्लॉक, म्हणजे औषधाने बधिर, करत होते. तरीही समोर चाललेलं काम मला शिकवलेलं नव्हतं. एमडीच्या तीन वर्षांत दुखणं आम्ही शिकतो ते वायरिंगसारखं, ए-डेल्टा फायबर, सी फायबर, स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट, कुठे अडवायचं म्हणजे पुढे जाणार नाही. ऑपरेशनपुरतं ते पुरतंच. पण १९६५ मध्येच मेलझॅक आणि वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी गेट कंट्रोलची थिअरी मांडून दाखवलं होतं, की मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं, तिथे येणारे बाकीचे सिग्नल आणि वरून मेंदूकडून येणारे हुकूम मिळून ते किती उघडायचं हे ठरवतात. कोपर आपटलं की आपण चोळतो ते त्यामुळेच. भीती, झोप, एकटेपणा हे सगळे त्या दारावर हात ठेवून असतात. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेनने २०२० मध्ये दुखण्याची व्याख्या सुधारली, तिच्याबरोबरच्या टिपांमध्ये तर सरळ लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर व्हायला हवा. आणि जगभरच्या आजारांची जी यादी जागतिक आरोग्य संघटना ठेवते तिच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ च्या जानेवारीत लागू झाली, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतःचा कोड मिळालाय. म्हणजे कागदोपत्री तरी दुखणं आता निराधार राहिलेलं नाही.

ह्या विषयाचा पाया घातला तोही एका भूलतज्ज्ञानेच, ह्याचा मला फार अभिमान वाटतो. जॉन बोनिका, इटलीतल्या एका छोट्या बेटावर जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला, मेडिकलच्या शिक्षणाचा खर्च भागवायला व्यावसायिक कुस्त्या खेळणारा. दुसऱ्या महायुद्धात लष्करी हॉस्पिटलमध्ये भूल देताना त्याच्या लक्षात आलं, की जखमा भरल्यावरही सैनिकांचं दुखणं राहतं आणि एकट्या कुठल्याच डॉक्टरला ते आवरत नाही. त्याने वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांना एका पेशंटसाठी एकत्र बसवायला सुरुवात केली. १९५३ मध्ये दुखण्यावर भलामोठा ग्रंथ लिहिला, पुढे सिएटलला अनेक विषयांचं मिळून एकच क्लिनिक उभं केलं, आणि वर जी संघटना सांगितली तीही १९७३ मध्ये त्याच्याच पुढाकाराने झाली. कुस्त्यांमुळे त्याचं स्वतःचं अंग आयुष्यभर दुखत राहिलं. आपण ज्याच्यावर काम करतो ते त्याला रोज सोसावं लागत होतं आणि तरी तो काम करत राहिला, हे मी पुन्हा पुन्हा वाचलंय.

आता फेलोशिपचं. आपल्याकडे ह्याचा एकच सरळ रस्ता नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या भूलतज्ज्ञांच्या कॉलेजने १९९८ मध्ये पेन मेडिसिनची वेगळी फॅकल्टी काढली आणि २००५ पासून ऑस्ट्रेलियात ती स्वतंत्र स्पेशालिटी आहे, तिथे फक्त भूलवालेच नाही तर इतर शाखांचे डॉक्टरही हे ट्रेनिंग घेतात. इंग्लंडमध्ये अशी फॅकल्टी २००७ मध्ये आली. अमेरिकेत रेसिडन्सीनंतर एका वर्षाची फेलोशिप असते. आपल्याकडे इंडियन सोसायटी फॉर स्टडी ऑफ पेन १९८४ पासून आहे, ती फेलोशिप देते, विद्यापीठांच्या फेलोशिप आहेत, मोठ्या हॉस्पिटलांच्या स्वतःच्या आहेत, वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेनची एफआयपीपी नावाची परीक्षा देऊन येणारे आहेत, आणि दुसऱ्या टोकाला शनिवार-रविवारची वर्कशॉप आहेत, जिथे दोन दिवसांत सर्टिफिकेट मिळतं. नावं सगळ्यांची सारखीच भारदस्त, आत काय शिकवतात त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

निवडताना सगळे एकच विचारतात, प्रोसीजर किती. विचारणं चूक नाही. सुई नीट मारता आलीच पाहिजे आणि ती शंभरदा कुणाच्या तरी नजरेखाली मारल्याशिवाय येत नाही. पण मी अर्ज करायच्या आधी त्याच सरांना विचारून मोकळ्या वेळात त्यांच्या ओपीडीत बसायला लागले आणि तिथे जे बघितलं त्यावरून माझा प्रश्न बदलला.

एक बाई यायच्या. मेससाठी पोळ्या लाटायचं काम. स्वारगेटजवळ मुलाच्या गाडीवरून पडल्या, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर झालं, हाड सरळ जुळलं. एक्स-रे बघून कुठल्याही ऑर्थोपेडिकला आनंद होईल असा. पण प्लास्टर निघाल्यावर हात सुजलेला, कातडी चकचकीत आणि लालसर निळी, रात्रभर आगआग, आणि हाताला कुणी बोट लावलं तरी त्या ओरडायच्या. कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम म्हणतात ह्याला. दुसऱ्या हाताने त्या हा हात असा सांभाळून धरायच्या की तो जणू दुसऱ्या कुणाचा आहे. सरांनी विचारलं रोज किती पोळ्या लाटायचात, तर म्हणाल्या मोजल्या नाहीत कधी, पहाटे पाचला बसायचे ते नऊला उठायचे. नवरा म्हणाला, "डॉक्टर, हाड जुळलंय ना, मग ही हात का चालवत नाही?" त्याच्या आवाजात राग होता आणि रागाच्या खाली काळजी होती, घरात येणारे पैसे थांबलेले होते. सरांनी आधी त्याला समोर बसवलं आणि समजावलं की हिचा हात चालत नाहीये, ती चालवत नाहीये असं नाही.

मग ब्लॉक. मानेत पुढच्या बाजूने, सोनोग्राफीवर बघत, स्टेलेट गँग्लियन नावाच्या नसांच्या गुच्छापाशी भुलीचं औषध. मशीनच्या पडद्यावर कॅरोटिड, मानेतली मोठी रक्तवाहिनी, धडधडताना दिसते, तिच्या मागच्या स्नायूपाशी सुईचं टोक हळूहळू सरकतं, औषध काळ्या पट्ट्यासारखं पसरतं. थोड्या वेळाने त्या बाजूची पापणी जराशी खाली आली आणि हात कोमट व्हायला लागला. माझ्यातल्या भूलतज्ज्ञाला हे बघून अतिशय समाधान वाटलं, ब्लॉक बसला, काम झालं.

काम तिथे सुरू झालं. बाहेर फिजिओथेरपिस्ट स्टीलची परात घेऊन तयारच होती. परातीत तांदूळ, शेजारी कापूस, जुना टॉवेल, काथ्याचा तुकडा. ब्लॉकमुळे आग कमी झालीये ते तास वाया घालवायचे नाहीत, त्या वेळात हात हलवायचा, आधी कापूस, मग टॉवेल, मग तांदळात बोटं. आरसा उभा ठेवून डाव्या हाताची मूठ उघडबंद करायची आणि आरशात बघताना मेंदूला वाटू द्यायचं की उजवाच हात हलतोय. व्ही. एस. रामचंद्रन ह्यांनी हात-पाय कापलेल्या लोकांच्या दुखण्यासाठी काढलेली ही आरशाची युक्ती इथे पर्वतीच्या पायथ्याशी एका छोट्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या बाईंसाठी वापरली जात होती. काही आठवड्यांनी फिजिओने कणकेचा गोळा मळायला दिला. बाईंनी त्यात बोटं रुतवली, कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, पण हात मागे घेतला नाही. "सैल मळलीये कणीक," म्हणाल्या, "अशाच्या पोळ्या नाही होत."

तर सुई पंधरा मिनिटांची होती. त्याच्या आधीचं बोलणं, नंतरची परात, नवऱ्याची समजूत, दर वेळी केस पेपरवर आता काय जमतं ते लिहिणं, ह्याला महिने लागले. केलेल्या प्रोसीजरच्या लॉगबुकमध्ये मात्र नोंद एवढीच होणार, स्टेलेट गँग्लियन ब्लॉक, एक. म्हणून ज्यांना फेलोशिप निवडायचीये त्यांना मी आता सांगते, तिथे गेल्यावर आठवड्यातले किती दिवस ओपीडीत बसवतात ते विचारा, तोच पेशंट तुम्हाला सहा महिन्यांनी परत दिसणार का ते विचारा, फिजिओथेरपिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट त्याच छताखाली आहेत की नुसता फोन नंबर आहे ते विचारा, आणि ज्याला इंजेक्शनची गरज नाही अशा पेशंटला तिथे काय मिळतं हे तर नक्की विचारा. कंबरदुखीतून कायमची सुटका अशा पाट्या शहरात आता चौकाचौकात दिसतात. त्या पाट्या लावणारे काही डॉक्टर खरोखर चांगलं काम करतात. पण ज्या माणसाला इंजेक्शन नकोय, व्यायाम हवाय, झोप हवीये, किंवा कुणीतरी सांगायला हवंय की तुझ्या एमआरआयमध्ये लिहिलेलं डिस्क बल्ज तुझ्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसांमध्येही भरपूर सापडतं, त्याला वेळ देण्याचे पैसे कुणी मोजत नाही आणि सुईचे मोजतात. ट्रेनिंगच सुईभोवती बांधलेलं असेल तर बाहेर पडणारा डॉक्टरही सुईच शोधणार.

मॉर्फिनबद्दल, अफूपासून बनणाऱ्या त्या वेदनाशामक औषधाबद्दल, लिहिल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवाना घेऊन ती पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि त्याच देशात कॅन्सरचा पेशंट मॉर्फिनच्या साध्या गोळीवाचून तळमळत राहतो. १९८५ च्या एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी साखळी झाली की दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला, आवश्यक औषधांची वेगळी यादी झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध प्रशासनाची एकच परवानगी पुरेशी झाली. राजगोपाल हेही मुळात भूलतज्ज्ञच. कायदा बदलला तरी लिहिणारा हात कचरतोच. मॉर्फिन म्हटलं की नातेवाईक म्हणतात म्हणजे आता संपलं का, आणि कितीतरी डॉक्टर सवय लागेल म्हणून टाळतात. ज्याचं हाड कॅन्सरने पोखरलंय त्याला योग्य डोस कसा ठरवायचा, कसा वाढवायचा, त्याच दिवशी बद्धकोष्ठाचं औषध कसं सुरू करायचं, आणि दुसरीकडे साध्या कंबरदुखीला हेच औषध का द्यायचं नाही, हे दोन्ही शिकवणारी जागा मला हवीये. आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांचं) सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटची विनामूल्य सेवा करतंय. अशी जागा गावात असताना भूल देणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी तिथे एक दुपार काढलीये? मला वाटतं फेलोशिपच्या आधी ती काढावी, नंतर नाही.

घरातलं गणित सोपं नाहीये, ते लपवत नाही. फेलोशिपचा स्टायपेंड फ्रीलान्सच्या कमाईच्या पासंगालाही पुरत नाही. वर्षभर फोन उचलला नाही की सर्जन दुसरी भूलवाली शोधणार, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या केसेस थांबणार थोड्याच. मुलीची शाळा, सासऱ्यांची तब्येत. परत आल्यावर स्वतःची ओपीडी म्हणजे जागा, भाडं, आणि सोनोग्राफी मशीन घ्यायचं तर ते पीसीपीएनडीटी ह्या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदवलेल्या जागेतच वापरायचं, आतासारखं सगळं डिकीत घालून फिरता येणार नाही. नवरा म्हणाला, एक वर्ष मी बघतो, पण परत येऊन पुन्हा डिकी उघडून फिरणार असशील तर जाऊ नकोस.

मुलाखत गेल्या आठवड्यात झाली. समोर तिघं होते. पहिला अर्धा वेळ अ‍ॅनाटॉमी, ट्रायजेमिनल ह्या चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आलं तर पहिलं औषध कुठलं, पॅन्क्रियाच्या कॅन्सरमध्ये सीलिअ‍ॅक प्लेक्सस (पोटातल्या नसांचं जाळं) ब्लॉक लवकर करावा की उशिरा. मग मधल्या मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, परत पुण्यात गेल्यावर दिवसाला किती पेशंट बघाल?

"सकाळच्या ओपीडीत आठ," मी म्हटलं. "नवीन पेशंटला पाऊण तास, जुन्याला वीस मिनिटं."

"एवढ्यात भागेल?"

"दुपारी भूल देईन. ती मला सोडायचीच नाहीये."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शेजारच्या सरांनी विचारलं, आठातल्या कितींना प्रोसीजर लागेल असा तुमचा अंदाज आहे? मी म्हटलं दोघांना, फार तर तिघांना. बाकीच्यांचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी आत्याची नऊवारी सांगितली, परात सांगितली, वेळ संपत आला तरी त्यांनी मला थांबवलं नाही. यादी पुढच्या महिन्यात लागेल.